पिंजाऱ्यासमोर बसणाऱ्या वहिनी

कुणाच्याही घरी गेल्या की नलूवहिनी लगेच बसायच्या नाहीत. आधी सोफ्याच्या गादीत मूठ दाबायच्या, मग सोडून ती वर कशी येते ते मान तिरकी करून बघायच्या, आणि घरच्या बाईच्या तोंडावर निकाल सांगून मोकळ्या व्हायच्या. आमच्या भाड्याच्या घरात पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाप्पा! हे काय भरून ठेवलं, भुसा का?" मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. तिथून आमचं जमलं.

त्या नागपूरच्या, मी जळगावकडची. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, आमचे बँकेत, आणि दोन्ही घरं बदलीच्या वाऱ्याने जयपूरला येऊन पडलेली. परमुलखात मनमोकळं मराठीत भांडायला कुणी मिळणं ही साधी गोष्ट नव्हे. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडेच असायची. त्यांच्या सांडग्यांची बरणी आमच्याकडे रिकामी व्हायची. मी आभार मानायला लागले की डोळे वटारायच्या. "आपल्यात कसलं तुझं-माझं?"

यांच्या निवृत्तीनंतर आम्ही जयपूरलाच, खातीपुऱ्यात, लहानसं घर घेतलं. बैठकीच्या खोलीत खिडकीखाली एक तिरका कोनाडा होता, वर गच्चीवर झोपाळा आणि वेताच्या खुर्च्या. कुठल्याच मापाला तयार गादी बसेना. यांनी एक आकडा सांगून हात वर केले. राजा पार्कातल्या दुकानदाराने एकट्या गच्चीसाठीच त्याच्या पुढचा आकडा सांगितला. मी तोंड पाडून परत आले, तर वहिनी कमरेला पदर खोचून टेप घेऊन हजर.

"आधी दोन वाटे कर," त्या म्हणाल्या. "घर वेगळं, गच्ची वेगळी. गच्चीवर पैसा कापडात घाल, आत हलका फोम चालते. इथलं ऊन आधी कापडच खाते नं! घरात उलटं. घरात पैसा भरणात घाल, वरून साध्या छापील चादरीचे अभ्रे शिव. गच्चीतलं डोळ्याला बरं दिसलं पाहिजे, घरातलं पाठीला कळलं पाहिजे."

हिशोब बसत आला, फक्त घरातलं भरणच बजेटच्या बाहेर राहिलं. तेव्हा मी माळ्यावरची गादी काढली. माझ्या लग्नात आईने दिलेली. आमच्या शेतातला कापूस तिने स्वतः वेचला होता, दुपारच्या दुपारी सरकी काढत बसली होती. आता आई नव्हती, शेतही विकलं गेलं होतं. ती गादी उसवायला माझा हात धजत नव्हता. पण वहिनींनी मूठ दाबून पाहिली आणि पहिल्यांदाच त्यांना कुठली गादी पसंत पडली. "सोनं आहे हे, सोनं! माळ्यावर काऊन कुजवून राहिली? पिंजून घे, खिडकीत आईच्या मांडीवर बसल्यासारखं वाटेल."

त्या एका वाक्याने मी विरघळले.

कापूस पिंजायला दिला की समोर बसायचं, ही आमच्या दोन्हीकडची रीत. नजर हलली की चांगला कापूस जातो आणि पोत्यातला जुनाट येतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. पण मला दमा. पिंजाऱ्याकडची ती उडती धूळ मला सोसली नसती. "तू नको येऊ," वहिनी म्हणाल्या. "मी बसते समोर. पापणी लवू देत नाही." मी आईच्या जुन्या हिरव्या खणाच्या तुकड्यात वेखंड बांधून पुरचुंडी त्यांच्या हातात दिली. आई कापसात वेखंड घालायचीच, कीड लागू नये म्हणून. उशा भरताना ती आत घालायला सांगितली.

खिडकीत बसायच्या उशा आल्या, देखण्या होत्या. महिना-दोन महिन्यांत बसून पोळीसारख्या झाल्या. मी कुरकुर केली तेव्हा वहिनींनीच पिंजाऱ्याला शिव्या घातल्या. "माझ्या डोळ्यांदेखत बदलला असेल मेल्यानं! मतलब, किती नजर ठेवायची माणसानं?" उलट मीच त्यांची समजूत घातली.

संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांच्याकडे होतं. वर आकाश पतंगांनी भरलेलं, खाली दिवाणखान्यात आम्ही मराठी बायका. दिवाणाला नवे तक्के होते. मी टेकले आणि वेखंडाचा वास आला. आधी वाटलं, आईची आठवण आली असेल. मग पाठीला एक गाठ लागली. तक्क्याची चेन जराशी उघडली, बोटं आत घातली आणि हिरव्या खणाची पुरचुंडी बाहेर काढली.

वहिनी समोर तिळगुळाचं ताट घेऊन उभ्या होत्या. काही वाया घालवायचं नाही हा त्यांचा स्वभाव; वेखंडही त्यांच्याने टाकवलं नव्हतं. माझ्या हातावर तिळगूळ ठेवून हळूच म्हणाल्या, "इतके दिवस बसून राहिली तू त्या उशांवर, तुले कळलं का? नाही नं? मग काऊन मनाला लावून घेतेस? आपल्यात कसलं तुझं-माझं?"

"आहे," मी म्हणाले. आवाज चढला असावा, बायका वळून बघायला लागल्या. "वहिनी, हे माझं आहे."

चोरी मी गिळली असती. पण मला कळलं नाही, हे त्या म्हणाल्या ते आजही गिळवत नाही. कारण ते खरं होतं. तो कापूस आईचाच आहे असं समजून मी त्या उशांवर संध्याकाळच्या संध्याकाळी बसले होते, आणि त्या शेजारी बसून मला बसू देत होत्या. तक्के उसवून कापूस परत देते म्हणाल्या, दिला नाही. वर्षाच्या आत त्यांची नागपूरला बदली झाली. तक्के गोणपाटात गुंडाळून ट्रकमध्ये चढताना मी गच्चीवरून पाहिले, खाली उतरले नाही. आमच्या घराची किल्ली त्यांनी शेजाऱ्यांकडे ठेवली होती.

गच्चीवरच्या गाद्यांचा रंग अजून उडालेला नाही. वहिनींचं गणित चोख होतं, हे कबूल करताना आजही जीव जळतो.

परवा समोरची नवी मुलगी आली. इथेच वाढलेली, मराठी अडखळत बोलते. "काकू, कुशनचं बजेट कसं करायचं? मतलब, मला काहीच माहीत नाही." मी सगळं सांगितलं: दोन वाटे, गच्चीत कापड, घरात भरण. वाक्यं वहिनींचीच होती. तिच्याकडे आजीची गादी निघाली. ती खुशीत म्हणाली, "मला ऑफिस असतं ना काकू, पिंजाऱ्यासमोर तुम्हीच बसाल? तुमच्यावर पक्का भरोसा आहे."

त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघून दमा विसरून हो म्हणावंसं वाटलं.

"नाही गं," मी म्हणाले. "तू रजा काढ."