साडूभाऊंची अळणी पंगत

उकडलेल्या अळणी मटणाच्या जोरावर अख्खं सासर खिशात घालणारा माणूस उभ्या बडोद्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा, याला काय म्हणायचं! बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. पाटणवाडी मेंढ्यांची कोकरं किती झपाट्यानं वाढतात आणि त्यांचं मटण कसं लागतं, हे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कोकरू झोळीत घालून काट्याला लटकवायची सवय इतकी अंगात मुरलेली, की मेव्हण्याच्या मुलीच्या बारशाला बाळ नुसतं हातात घेऊन त्यांनी वजन सांगितलं. दवाखान्यातल्या आकड्याशी ते जुळलं आणि सासूबाई दिवसभर "जमाई असावा तर असा, एकदम सरस!" म्हणत राहिल्या. बारशाचा मांडव मी घातला होता, त्याचं कुणाला काही आहे? कुणी नमस्काराला वाकलं, की चार माणसं डोक्यावर हात ठेवतात. यांचा हात थेट कमरेवर. कोकराच्या कण्याशेजारी मांस किती भरलंय, ते असंच चाचपतात म्हणे. दिवाळीला माझीही कंबर चाचपून चारचौघांत म्हणाले, "साडूभाऊ, आता वाढ थांबली हं तुमची. नुसती चरबी धरतेय."

तेही मी गिळलं. पण मटण म्हणजे माझी मिरास! बडोद्यातल्या हरणी भागात माझं सासर, तिथं रविवारचा रस्सा लग्नापासून मीच करत आलोय. पाणीगेटचा खाटीक मला बघून मांडी बाजूला काढतो. तर या गृहस्थांनी त्याच घरात चाखणी सुरू केली. मीठ नाही, मसाला नाही, नुसते उकडलेले तुकडे. एका बशीत लहान कोकराचे, दुसरीत थोराड कोकराचे. मध्ये कोमट पाण्यानं चूळ भरायची आणि मऊपणाला, रसाला, वासाला गुण द्यायचे. माझ्या रश्श्याला 'बरा झालाय' म्हणणारी ही माणसं त्या अळणी तुकड्यांपुढे पूजेला बसल्यासारखी डोळे मिटून चावायची! मेव्हणा परीक्षक, सासूबाई परीक्षक, माझी बायकोसुद्धा परीक्षक. मीही बसू का विचारलं, तर म्हणाले, "नको, तुमची जीभ तिखटानं मेलीय." तळपायाची आग मस्तकात गेली. स्कूटर काढली आणि तडक अकोट्याला घरी आलो. पण कधीतरी बोलावतील म्हणून पुढे कितीतरी रविवारी मी सकाळपासून तिखट तोंडात घातलं नाही, हे बायकोलाही ठाऊक नाही.

गेल्या हिवाळ्यात साडूंना लांबलेला ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. अजून आलेली नाही. मध्यंतरी एका रविवारी त्यांचा फोन आला, "जरा या ना घरी." गेलो तर दुसरं कुणीच नव्हतं. टेबलावर एकच बशी. "बाकीचे नुसते गुण देतात हो," ते म्हणाले, "तुम्ही रांधणारे. तुम्ही मला नीट सांगा, कसं लागतंय."

तुकडा तोंडात टाकला. खोटं कशाला बोलू, मटणाला स्वतःची एवढी गोडी असते हे मला माहीत नव्हतं. "छान आहे," मी म्हणालो. "छान म्हणजे कसं?" ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "दाताला कसं लागतंय? रस सुटतोय का? सांगा ना, सगळं सांगा." ज्या मानासाठी इतकी वर्षं जळलो तो समोर होता, आणि तो त्यांनी आत्ताच्या आत्ता परत घ्यावा असं मला वाटत होतं. मी सावकाश चावत एकेक सांगत गेलो, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत आपलं रिकामं तोंड हलवत राहिले.