थंड वायूचं गणित

उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करायचे. राहायला बदलापुरात, शिरगावला. विषय होता थंड हेलियम वायूवर न्यूट्रॉन सोडले तर ते कसे विखुरतात, हा. प्रयोग माझ्या हातात नव्हता. माझं काम कागदावर आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर.

हेलियमचे अणू दोन जातींचे. ऊबदार वायूत दोन्ही साधारण सारखेच वागतात, पण अतिशय थंडीत स्वभाव उघडे पडतात. न्यूट्रॉनचा धक्का बसला की अणूचा वेग बदलतो, म्हणजे तो एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातो. तिथे आधीच कुणी असेल, तर एका जातीचा अणू उलट जास्त ओढीने जातो. दुसऱ्या जातीच्या अणूला तिथे मज्जावच असतो. त्यामुळे विखुरणारे न्यूट्रॉनही बदलतात. हे सगळं मी समीकरणांत मांडलं होतं.

पण गाइड सरांनी एक तपासणी करायला लावली. न्यूट्रॉन वायूला ठरावीक ऊर्जा देऊन बाहेर पडतो आणि तेवढीच वायूकडून घेऊन बाहेर पडतो, या दोन शक्यतांचं प्रमाण फक्त तापमानावर ठरायला हवं. माझं उत्तर ऊबदार वायूत जुळायचं, थंड वायूत बिघडायचं.

"हे जुळत नाही तोवर थिसिस पुढे जाणार नाही," सर म्हणाले.

एक मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. पाच महिने मी तीच पानं उलटीपालटी केली. प्रोग्रॅम दोनदा नव्याने लिहिला. शेवटी शेवटी वर्गात शिकवतानाही डोक्यात तेच. घरात कुणी काही विचारलं तरी मी अंगावर जायचे.

एका रविवारी दुपारी माझे मिस्टर पहिली पाळी करून आले. ते जांभूळ गावच्या पाणी प्रकल्पात ऑपरेटर. जेवण झाल्यावर माझ्यासमोर बसले.

"काय अडलंय ते सांग तरी."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?" म्हटलं, आणि लगेच वाईट वाटलं.

"नाही कळलं तर नाही कळलं. सांग."

मग सांगितलं. अणू कुठून निघतो, कुठे पोचतो, तिकडे भरलेलं असलं तर काय होतं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले,

"आम्ही व्हॉल्व्ह उघडायच्या आधी पुढच्या टाकीवर फोन करतो, लेव्हल किती म्हणून. आपलीच टाकी बघून काय उपयोग? तुझ्या गणितात कुठली टाकी बघतेस?"

"पुढचीच," मी म्हणाले आणि त्यांना दाखवायला म्हणून वही उघडली.

पहिल्या पानावर पुढचीच होती. तिसऱ्या पानावर उतरवताना अक्षरावरची, पुढची जागा दाखवणारी एक बारीक खूण लिहायची राहिली होती आणि तिथून पुढे सगळीकडे अणू निघाला ती जागा तपासली जात होती. प्रोग्रॅमही मी दोन्ही वेळा तिसऱ्या पानावरूनच लिहिला होता. ऊबदार वायूत बहुतेक जागा रिकाम्याच असतात, म्हणून तिथे चूक दिसत नव्हती.

लोडशेडिंग चालू होतं. पाच वाजेपर्यंत मी हात चोळत घरात फेऱ्या मारल्या. वीज आल्यावर ओळ दुरुस्त केली, प्रोग्रॅम चालवला. आकडे एकेक करून स्क्रीनवर उतरत गेले आणि प्रत्येक तापमानाला जुळत गेले. दोन्ही जातींसाठी.

"अहो, जुळलं!"

"मग चहा टाकतो," आतून आवाज आला. मी तिथेच खुर्चीवर बसून रडले.

सोमवारी सरांना फोन केला. चूक कुठल्या पानावर होती ते सांगितलं. ते म्हणाले, "ते पान मीही दोनदा वाचलं होतं. माझ्याही नजरेतून सुटलं." त्या एका वाक्याने माझी अर्धी शरम गेली.

मुदतीच्या आठ दिवस आधी उल्हासनगरला थिसिस बाइंडिंगला टाकला. सिंधी दुकानदाराने सोनेरी अक्षरं लावताना विचारलं, "मॅडम, ये न्यूट्रॉन कौनसी कंपनी है?" मी इतकी हसले की तोही हसायला लागला. पाच जाड प्रती दोन पिशव्यांत भरून बाहेर पडले, समोरच्या गाडीवर उसाचा रस घेतला, आणि कितीतरी दिवसांनी कशाचाही विचार न करता तो सावकाश प्यायले.