घोडा उचलणारा हात

दोन गोष्टींतली एक चटकन निवडणारा माणूस, आमच्या मौसाजींच्या मते, मुळात विचारच करत नसतो. मौसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, बुऱ्हाणपुरातच शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मागे शनवाऱ्याच्या बाजारात छत्री घ्यायला गेले, तर काळी की निळी हे ठरेपर्यंत पावसाळा संपला. पंखा घेताना त्यांनी दुकानदाराला दोन पंखे शेजारी शेजारी लावायला सांगितले, खाली खुर्ची टाकून बसले आणि त्या दुहेरी वाऱ्यात त्यांना चक्क झोप लागली. मावशी सांगते, लग्नाचा होकारसुद्धा शेवटी त्यांच्या वडिलांनीच कंटाळून परस्पर कळवून टाकला.

अशा माणसाने यंदा यंत्राचा हात करायला घेतला, तो बुद्धिबळापायी. सिंधीपुऱ्यातले त्यांचे एक शाळासोबती रोज दुपारी खेळायला यायचे. ते आता मुलाकडे सुरतेला राहायला गेले. डाव फोनवर चालू राहिला, पण तिकडून चाल आली की दोस्ताची सोंगटी हलवायची कोणी? मौसाजींच्या लेखी समोरच्याच्या सोंगटीला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. काही दिवस मावशीने हलवल्या, पण ती हत्तीलाही तिरकं चालवायची. शेवटी दोस्तच फोनवर म्हणाले, "जाऊ दे यार, बंद करू आता. एकटाच पट मांडून काय बसतो?" मौसाजींनी कशीबशी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

मग सर्वो मोटर की स्टेपर मोटर, हा घोळ सुरू झाला. दिवाळी तोंडावर आली तरी जेवणाच्या टेबलावर दोन हात उभेच, एक या मोटरीचा, एक त्या मोटरीचा. आणि जेवणारे ताटं घेऊन खाली. मीही रोज जाऊन बसू लागलो, कारण आता मलाच चैन पडेना. स्टेपर पावलं मोजत चालतो. वाटेत बोट आडवं धरलं तर बिचारा अडतो, पण मोजणी पुरी झाली की आपण पोचलोच असं समजून घोडा भलत्याच घरात ठेवतो. सर्वो मात्र सारखा स्वतःलाच विचारत असतो, मी आहे कुठे? ढकललं तरी परत जागेवर येतो. एवढी अक्कल माणसांतही नसते, असं मौसाजींचं मत पडलं. पण त्यांचा सर्वो स्वस्तातला. सोंगटी धरून थांबला की थरथरायचा. मी म्हटलं, पटावर बोट आडवं धरणार कोण? स्टेपरच घ्या. गुमान येतो, ठेवतो, जातो.

"तेच तर ना," मौसाजी म्हणाले. "येतो, ठेवतो, जातो. समोर कोणी बसलंय असं वाटतच नाही."

मग सर्वोकडे बघत हळूच म्हणाले, "आपल्या दोस्ताचा हात असाच कापतो. डाव रंगला की जास्तच."

त्यानंतरचा पहिला डाव मी पाहिला. सुरतेहून चाल आली, मौसाजींनी ती यंत्राला दिली. सर्वोच्या हाताने घोडा उचलला, पटावरून नेला आणि घराच्या वर थबकून तो कापत राहिला. मौसाजी हनुवटी तळहातावर टेकवून त्याच्याकडे बघत बसले होते. इतकं सुख त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं. फोनवरून दोस्तांनी विचारलं, घोडा ठेवला की नाही?

"थांब जरा," मौसाजी म्हणाले. "अजून तू सोचून राहिला."