जीन्स घालून पोहण्याचे आठवडे

कोविडमध्ये तलाव बंद झाले तेव्हा आमची मुलगी चौदा वर्षांची होती आणि क्लबच्या स्पर्धेच्या गटात रविवार धरून जवळपास रोज पोहत होती. नवऱ्याने डीमन या डच गावातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीला रबरी पट्टे बांधले आणि ऑफिसचे कॉल सुरू होण्याआधी तिच्याकडून व्यायाम करून घेऊ लागला. ती मुकाट्याने पट्टे ओढायची. मग तलाव उघडणार अशी बातमी आली आणि ती जेवताना म्हणाली, "आय ॲम नॉट गोइंग बॅक."

"का?"

"इट्स लाइक युअर ऑफिस, बाबा. रोज स्टँड-अप मीटिंग, रोज टार्गेट."

मी तिच्या कोचबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ओढून आणू नका. एकदा येऊन बघ म्हणावं. येताना जीन्स, स्वेटर आणि बूट आणायचे."

इथे घराघरासमोर कालवे, म्हणून लहान मुलांना कपड्यांसकट पोहायला शिकवतात. पण स्पर्धेतल्या मुलांना? नवऱ्याला ही थट्टाच वाटली. तरी ती गेली. पालकांना आत बंदी होती, म्हणून आम्ही सायकलींपाशी उभं राहून काचेतून पाहिलं. वेळ मोजायचं भिंतीवरचं मोठं घड्याळ कोचबाईंनी बंद ठेवलं होतं. क्लबचे पटाईत पोहणारे जीन्समध्ये धडपडत होते, कोणाचा तरी बूट तरंगत चालला होता, आणि आमची मुलगी त्याच्यामागे हसत सुटली होती.

कोचबाई बाहेर आल्यावर नवऱ्याने विचारलं, "टायमिंग?"

"जीन्समध्ये कसलं टायमिंग? लॉकडाउनमध्ये घरी या मुलांना पुरेसं मोजलंय सगळ्यांनी."

हे काही आठवडे चाललं. दोन पालकांनी मुलं दुसऱ्या क्लबात नेली. मी रोज ओल्या जीन्स पिळल्या.

घड्याळ परत सुरू झालं त्या दिवशी मुलीने कोचबाईंना सांगितलं, मी पोहणार, पण आठवड्यातून चारदा, आणि रविवारी नाही. त्या "चालेल" म्हणाल्या.

"चार दिवसांत राष्ट्रीय स्पर्धा गाठता येत नाही," नवरा घरी म्हणाला.

"मग नाही गाठणार." हे तिने मराठीत सांगितलं, त्याला नीट कळावं म्हणून.

रविवारी ती अकरापर्यंत झोपली. नवरा दोनदा तिच्या दारापर्यंत गेला. दुसऱ्यांदा मी त्याला भाजी चिरायला बसवलं. सोमवारी शाळेतून आल्यावर तिने पोहण्याची बॅग भरली आणि कोणाला न विचारता सायकल काढली.