आधी छापलेली साक्ष

माझं लहानपण दौंडला रेल्वे लाईनच्या कडेला दोन खोल्यांत गेलं. त्यांतली एक खोली पप्पांनी छापून घेतलेल्या ख्रिस्ती प्रचारपत्रिकांची होती. इंजिन बदलण्यासाठी गाडी थांबली की पप्पा खिडक्याखिडक्यांतून पत्रिका देत. उरलेल्या घरी येत आणि मी त्या वाचत बसे. गुलाबी, पिवळा, पातळ कागद. पुढच्या पानावर सुवार्ता, आत यशस्वी जीवनाचे पाच गुण: खरेपणा, नम्रता, चिकाटी, कृतज्ञता, धैर्य. मागच्या पानावर कुणाची तरी साक्ष. अमका जुगार खेळायचा, बायकोला मारायचा, मग त्यानं प्रभूला जीवन दिलं. प्रत्येक साक्षीचं शेवटचं वाक्य ‘आज’ या शब्दानं सुरू होई. आज त्याचं घर सुखी आहे. आज त्याला समाजात मान आहे.

सोळाव्या वर्षापासून या साक्षी मीच लिहू लागले. पप्पांची भाषा मवाळ होती, माझी पेटलेली. अर्धवट सत्य बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाला मी पत्रिकेत असं झोडपायचे की पप्पा प्रूफ वाचताना हळूच एखादी ओळ काढून टाकत. मला राग यायचा.

आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, एक रीत आहे. मागितलेल्या गोष्टीचे आभार ती मिळण्याआधीच मानायचे. माणूस खाटेवर कण्हत असतानाच म्हणायचं, प्रभू, तू याला बरं केलंस, तुझी स्तुती असो. जो असं म्हणत नाही त्याचा विश्वास कच्चा.

डिप्लोमा करून मी कारेगावला आले. एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला लागले, तेव्हा अजून कायम झाले नव्हते. आमची उपासना एका पत्र्याच्या गाळ्यात भरायची. तिथेच एक बाई भेटल्या, न्हावऱ्याच्या. नवरा वारलेला, मुलगी शिरूरला अकरावीत, होस्टेलवर. त्या आमच्याच कंपनीत पॅकिंगला कंत्राटी होत्या. आम्ही दोघींनी मिळून खोली घेतली. त्या कंपनीत मला मॅडम म्हणत आणि खोलीवर पोरी. मी त्यांना मावशी म्हणे.

उपासनेत कुणी त्यांना कंपनीतल्या नावानं हाक मारली की त्या जरा उशिरा वळून बघत. एकदा भाकरी थापताना त्यांनीच कारण सांगितलं. कंपनीला दहावी पास बाई हवी होती आणि मावशी नववीपर्यंतच शिकलेल्या. भांडगावला दिलेल्या धाकट्या बहिणीची मार्कशीट आणि आधार देऊन त्या लागल्या होत्या. चार वर्षं गेटवर बहिणीचंच नाव लागत होतं.

“बाप्तिस्मा घेतल्यापास्नं टोचतंय बघ,” त्या म्हणाल्या. “प्रार्थना कर माझ्यासाठी.”

मी नुसती प्रार्थना करणारी नव्हते. मी त्यांना पाच गुण समजावले. पहिलाच खरेपणा. एचआरच्या साहेबांना जाऊन सांगा, प्रभू तुमची जागा राखेल, उलट मान वाढेल. त्या म्हणाल्या, पोरीची बारावी होऊ दे, मग बघू. मला ते भ्याडपण वाटलं. मी दौंडला पप्पांना साक्ष लिहून पाठवली. नाव नव्हतं, पण एका विधवा बहिणीनं साहेबांसमोर धैर्यानं सत्य कबूल केलं असं लिहिलं होतं. शेवटचं वाक्य होतं: आज ती त्याच कंपनीत स्वतःच्या नावानं कायम नोकरीवर आहे.

पप्पांनी फोन करून विचारलं, “हे घडलंय का, बाळा?”

मी म्हणाले, घडेल. विश्वासानं लिहिलंय. त्यांनी साक्ष छापायला दिली. रीत त्यांनीच मला शिकवली होती.

पत्रिकांचा गठ्ठा कारेगावला आला तेव्हा मावशींनीच तो सोडला. मागचं पान त्यांनी बोट ठेवून, एकेक शब्द लावत वाचलं. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पत्रिका घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, “छापलंय म्हंजी करायला पायजे आता. न्हाईतर प्रभूचं नाव खोटं पडंल.”

मला किती आनंद झाला होता, ते आठवलं की आज किळस येते.

सोमवारी त्यांनी साहेबांना सांगितलं. तासाभरानं मला एचआरमध्ये बोलावलं. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, गळ्यातलं कार्ड टेबलावर काढून ठेवलेलं. साहेब शांतपणे बोलत होते. कागद दुसऱ्याचे, नाव दुसऱ्याचं, ठेवता येणार नाही. पोलिसांत देत नाही, एवढंच समजा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, तुम्ही एकाच खोलीत राहता. तुम्हाला माहीत होतं?”

कायम होण्याची माझी फाईल त्यांच्याच टेबलावर होती. धैर्यावर मी निदान दहा पत्रिका लिहिल्या असतील.

“नाही, सर,” मी म्हणाले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “त्यांला काय म्हाईत असणार, साहेब,” त्या म्हणाल्या. “म्या कुणालाच सांगितलं न्हाई.”

आठवड्यात त्यांनी खोली सोडली. मी एसटी स्टँडपर्यंत बोचकं धरून गेले. दोघीही हवेबद्दल बोललो.

दोन महिन्यांनी मी न्हावऱ्याला गेले. त्या एका कांदाचाळीपुढे सडका माल निवडत बसल्या होत्या, नाकाला पदर बांधून. मुलीला होस्टेलवरून घरी आणलं होतं, ती शेजारीच कांदे भरत होती. कॉलेजचं मी विचारलं, तर मुलीनं ऐकू न आल्यासारखं केलं. मी तिथेच, सगळ्या बायांसमोर माफी मागितली.

“तुझ्यावर राग न्हाई गं,” मावशी म्हणाल्या. “पण म्या आता प्रार्थनेला जात न्हाई.”

मी कारण विचारलं.

“सगळं खरं सांगून मोकळी झाले हुते. आन् तिथंच उभ्या उभ्या परत खोटं बोलले. कुठल्या तोंडानं जाऊ?”

ते खोटं माझ्यासाठी होतं, ते माझं पाप आहे, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि एक नासका कांदा मागे टाकला. त्यांना ते पटलं नव्हतं. कसं पटणार? खोटं ते खोटं, त्यात सवलत नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

दौंडला जाऊन मी पप्पांना सगळं सांगितलं. मी म्हणाले, जसं घडलं तसंच छापू या. मी साहेबांना दिलेल्या उत्तरासकट. पहिल्या छपाईच्या सगळ्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. खिडक्याखिडक्यांतून ती साक्ष कुठवर गेली असेल ते कुणाला ठाऊक.

“असं छापलं तर कोण घेईल, बाळा?” त्यांनी विचारलं.

पुढच्या छपाईत त्यांनी साक्ष काढून टाकली. पाच गुण तसेच ठेवले. मागचं पान कोरं आहे.

दर रविवारी उपासनेत मंडळीचे पाळक विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का, आणि माझ्याकडे बघतात. मी मान खाली घालून बसते. ‘आज’ने सुरू होणारं माझ्याकडे एकच खरं वाक्य आहे. आज मी त्याच कंपनीत, स्वतःच्या नावानं, कायम नोकरीवर आहे.