ताटावरून उठवलेला माणूस आणि पडद्यावरचा मी

परवा सोलापूरला सिनेमा बघताना मी खुर्चीतून ताडकन उठलोच... पडद्यावर मीच होतो की हो!

गेल्या हुरड्याच्या दिवसांत आमच्या तामलवाडीत शूटिंग आलं होतं, थेट आमच्या अंगणात. सिनेमावाल्यांचीच टिंगल करणारा सिनेमा. म्हणजे त्यातही एक डायरेक्टर, त्यातही एक कॅमेरा... खरा कोण नि खोटा कोण, काही उमजेना.

दुपारचं जेवण आमच्या घरचं होतं. ओट्यावर त्यांचा चहापाणी, खुर्च्या बघणारा एक म्हातारा स्पॉटवाला ताट घेऊन बसला. पहिला घास घेतोय तोच एक डायरेक्टर खेकसला, "ए, ऊठ! हिरोला खुर्ची आण आधी!" आणि तो बिचारा भाकरी तशीच ठेवून उठला.

माझं डोकंच फिरलं. आमच्यात वैऱ्यालासुद्धा भरल्या ताटावरून उठवत नाहीत. तरातरा मधे शिरलो.

"ओ सायेब! माझ्या दारात माणूस ताटावरून उठणार न्हाय. बसा हो पाव्हणं, जेवा. खुर्ची म्या आणतो!"

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "काका, सीन चालू आहे."

ओरडणारा नट, म्हातारासुद्धा नट! तोंड लपवून जो रानात पळालो, तो त्यांच्या गाड्या गेल्यावरच परतलो. त्यांच्या कामाचा पार विचका केला, ही बोच तेव्हापासून मनात होती.

आणि परवा तेच पडद्यावर... अख्खं थिएटर खो खो हसतंय. "उठून जाऊ या," म्हणालो, तर कारभारणीनं हात धरला. "गप बसा वो, बघू तरी."

मी पळाल्यावर काय झालं, ते तिथं कळलं. कॅमेरा कुणी बंदच केला नव्हता. तो म्हातारा पुन्हा ताटावर बसला. डोळे पुसत पुसत अख्खी भाकरी खाल्ली त्यानं... ना डायलॉग, ना म्युझिक. थिएटरात हसू कधी थांबलं, कळलंच नाही.

ते डोळ्यांतलं पाणी नटाचं होतं का माणसाचं, अजून ठरवता येईना.

बाहेर आल्यावर कारभारीण एवढंच म्हणाली, "चतकोरसुदिक टाकला न्हाय बघा."

त्या म्हाताऱ्या नटांना कुणी ओळखत असाल, तर निरोप द्या... आमच्या ओट्यावर त्यांचं जेवण बाकी आहे. या वेळी कॅमेरा नको.