सायलीला आणायला कोल्हारला

कुंभार्ली घाट ओलांडून गाडी पाटणच्या बाजूला उतरली तेव्हा उजाडत होतं. मांडीवरच्या पिशवीत कोकमाच्या आगळाची बाटली होती आणि सायलीच्या आईने दिलेला लाडवांचा डबा. परतीच्या वाटेत पोरीला भूक लागेल, म्हणून.

मी चिपळूणजवळच्या एका कृषी पदविका विद्यालयात शिकवतो. आमची मुलं काही महिने शेतकऱ्यांच्या घरी राहून काम शिकतात. कुणाला कुठे पाठवायचं ते मी ठरवतो. सायलीला दुभत्या जनावरांची आवड, म्हणून तिला नगर जिल्ह्यात कोल्हारजवळ धाडलं. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, पण कंडक्टरपासून सगळे अजून नगरच म्हणतात. तिथे कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये (चारा बारीक करणारं विजेवरचं यंत्र) तिची ओढणी ओढली गेली. ओढणी फाटली म्हणून गळा वाचला. तिने कुणाला सांगितलं नाही. व्हिडिओ कॉलवर वडिलांना मानेवरचा वळ दिसला.

वडील दिलीपराव रिक्षा चालवतात. माझ्या घरी आले, चहाला हात लावला नाही. म्हणाले, "सर, तुम्ही पाठवलंत. तुम्हीच आणा."

कोल्हारचं काम पूर्ण केलं तर पुढच्या वर्षी डेन्मार्कमधल्या एका गोठ्यावर शिकायला जाण्यासाठी सायलीची निवड पक्की होणार होती. मधेच परत आली तर ती जागा दुसऱ्या कुणाची. हे दिलीपरावांना ठाऊक होतं आणि मलाही. तरी मी "आणतो" म्हणालो. मुलीचं काही बरंवाईट झालं असतं तर माझं काय, हा विचारही त्या 'आणतो'मध्ये होता. तो लपवण्यात अर्थ नाही.

पुण्यात मेव्हण्याकडे मुक्काम करून सकाळी शिर्डीची गाडी धरली. शेजारी पाथर्डीकडच्या एक आजी होत्या.

"दर्शनाला का?"

"नाही. मुलीला आणायला चाललोय, कोल्हारला."

"कोल्हारला दिली व्हय? बरं केलं. पान्याचा भाग हाय. आमच्याकडं निस्ती कुसळं." मग आवाज खाली आणून, "जाच हाय का तिला?"

मी नाही म्हणालो, पण त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी खिडकीबाहेर बघू लागलो. नगर सोडल्यावर रस्त्याने माझी सुटका केली. एका खड्ड्यात गाडी अशी आपटली की आगळाच्या बाटलीचं बूच उडालं आणि पांढऱ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत लाल ओघळ आला. आजींनी पदराने पुसायला घेतलं, तर डाग आणखी पसरला.

राहुरीच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस आणि कांदा. उसाने लादलेल्या बैलगाड्या रांगेने कारखान्याकडे चाललेल्या. आमच्याकडे डोंगर नजर अडवतो. इथे ती कुठेच अडत नाही आणि थोड्या वेळाने त्याचीच भीती वाटू लागते. कोल्हारला उतरलो तर भाऊसाहेब मोटारसायकल घेऊन उभे. सायली राहते त्या घरचे मालक.

"सर, रगत?"

"कोकम आहे."

ते जरा वेळ शर्टाकडे बघत राहिले. "असंल," म्हणाले. विश्वास काही बसलेला दिसला नाही.

प्रवरा नदीपासून थोड्या अंतरावर त्यांची वस्ती (शेतातलं घर). सायली गोठ्यातून आली. भाऊसाहेबांचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल. मानेवरचा वळ काळपट झाला होता. मला तिकडे नीट बघवेना.

"तुम्हाला बाबांनी पाठवलं ना?" ती म्हणाली. "आधी जेवा. मग भांडू."

जेवायला शेंगोळे होते (हुलग्याच्या पिठाची वळलेली, तिखट रश्शात शिजवलेली वेटोळी). मासे खाणाऱ्या माणसाला वाटलं त्याहून कितीतरी चांगले. भाऊसाहेबांची बायको सिंधूताई वाढत होत्या आणि पुन्हा पुन्हा "पोरीचं आमच्याच्यानं चुकलं" म्हणत होत्या. शेवटी मी विचारलं, तिला मशीनवर उभी का केली?

सिंधूताई भांबावल्या. "तुमीच फोनवर सांगितलं हुतं ना सर? फवारनीला न्यू नका, हिरीवर न्यू नका, ट्रॅक्टरवर बसवू नका. मुलगी हाय, घराजवळचं काम द्या. मंग गोठ्याहून जवळ काय हाय?"

मी तसंच सांगितलं होतं. दर वर्षी, प्रत्येक मुलीच्या बाबतीत, मोठ्या काळजीने तसंच सांगतो. शेतात धोका, घरात धोका नाही, हे मी कधी कुठल्या घरी जाऊन पाहिलं नव्हतं. आणि या भल्या माणसांनी माझा शब्द अक्षरशः पाळला.

"सामान भर," मी सायलीला म्हणालो.

"डेन्मार्कला पण मशीनच असणारेत सर. तिकडे पण न्यायला याल?"

"तिकडचं तिकडे बघू."

"बरं, समजा मी गेले. उद्या सकाळी कुट्टी कोण करणार?"

माझी नजर सिंधूताईंकडे गेली.

"मावशीच ना. पदर घेऊन. इतकी वर्षं करतायत. त्यांना कोण न्यायला येतंय?"

सिंधूताई हसल्या. "मला कुठं नेत्यात. माहेरचे बी आता बोलवत न्हाईत." पण भाऊसाहेब हसले नाहीत. उठून गोठ्यात गेले. आम्ही मागोमाग.

मशीनच्या तोंडावर लोखंडी झाकण असायला हवं होतं. ओले वाढे (उसाचे हिरवे शेंडे) अडकतात म्हणून त्यांनी ते कधीच काढून टाकलं होतं. शोधलं तर कोपऱ्यात उताणं पडलेलं, आत भुसा, आणि भुशावर खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी.

"ऱ्हाऊ द्या ओ," सिंधूताई म्हणाल्या. "पिल्लं निघाली की बसवा. आता उठवली तर अंडी वाया जात्याल."

"अंड्यांची काळजी हाय. तुझी?" भाऊसाहेब म्हणाले.

असं ते पूर्वी कधी बोलले नसावेत, कारण सिंधूताईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनीच पाटीत भुसा घालून अंडी हलवली. कोंबडीने सायलीच्या हाताला चोच मारली, ती जागच्या जागी नाचली. भाऊसाहेबांनी कोल्हारहून वेल्डर आणला. झाकण बसलं, मशीन बंद करायचं बटण हाताशी आलं. वाढे अडकत होतेच. दर वेळी मशीन बंद करून काढावे लागले. भाऊसाहेब कुरकुरले, पण प्रत्येक वेळी बंद केलं. सायली सिंधूताईंना पदर कमरेला घट्ट खोचून दाखवत होती आणि त्या लाजून "अगं सोड" म्हणत होत्या. मी एकटाच निघालो. लाडवांचा डबा ठेवून.

परतीच्या वाटेवर दिलीपरावांना दोनदा फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. हे समोर सांगायचं होतं. निदान तेवढं तरी.

चिपळूणच्या स्टँडवर ते रिक्षा लावून उभे होते, मागची सीट सामानासाठी रिकामी ठेवून. मी उतरलो तरी ते माझ्या मागे दाराकडे बघत राहिले, गाडी निघेपर्यंत.

मी सगळं सांगितलं. घराजवळचं काम द्या हे मीच बोललो होतो. सायलीला राहायचं आहे आणि मला तिचं पटलं. "तुम्ही म्हणाल तर उद्याच परत जातो आणि आणतो."

मग त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. सायलीचा चेहरा आला.

"तुझं तोंड नको," ते म्हणाले. "मशीन दाखव. चालू कर. आता बंद कर."

तिने केलं.

"परत कर."

पुन्हा केलं. मग म्हणाले, "मावशींना दे." पलीकडे सिंधूताई आल्या, पदर डोक्यावरून सावरत. दिलीपरावांनी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, तेवढा पदर कमरेला खोचा हो," ते म्हणाले, "मग बोलू."

आता मी मुलांना पाठवण्याआधी त्या घरी जाऊन येतो आणि तिथे गेल्यावर पहिल्यांदा विचारतो, घराजवळचं काम इथे कोण करतं.